ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का? जुन्या गेमिंग लॅपटॉपचं निदान, संशोधकाच्या पद्धतीने

पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतीच पीएच.डी.ला नोंदणी झालेल्या बऱ्याच जणांकडे एक जुना गेमिंग लॅपटॉप असतो. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर इकडे तर हे नेहमीचंच. घरी वर्कस्टेशन नसतं, कॉलेजच्या लॅबमधला संगणक संध्याकाळी बंद होतो, फेलोशिप सुरू व्हायला वेळ असतो. मग नागपुरातून २०१७-१८ सालचा एखादा सेकंडहँड लॅपटॉप घेतला जातो. त्यात जीटीएक्स १०५० किंवा १०६० असतं आणि त्यावर न्यूरल नेटवर्क शिकवणं, सिम्युलेशन चालवणं, उपग्रहाच्या प्रतिमा तपासणं सुरू होतं.

आणि एक दिवस पडद्यावर रंगीत चौकटी उमटतात. किंवा पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येतो. किंवा रात्री लावलेलं ट्रेनिंग सकाळी मध्येच थांबलेलं दिसतं.

आता सल्ले सुरू होतात. दुकानदार म्हणतो, "ग्राफिक्स गेलं, बोर्ड बदलावा लागेल." मित्र म्हणतो, "काही नाही, ड्रायव्हर नवा टाक." एखाद्या व्हिडिओत कुणी सांगतं, हीट गन मारा, चालू होईल. गंमत अशी की तिघांपैकी कुणीही बरोबर असू शकतं. पण कोण बरोबर आहे हे ठरवायचं कसं? या लेखात तेच बघू. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. एक वही आणि थोडी शिस्त लागते. आणि ही शिस्त उद्या तुमच्या प्रबंधातही लागणार आहे, म्हणून हा विषय इथे घेतला.

एक लक्षण, अनेक कारणं

बांधीतलं धान पिवळं पडलं, तर कारण काय? नत्र कमी पडलं असेल, पाणी साचलं असेल, कडाकरपा असेल, तुडतुडे असतील. घाबरून एकाच दिवशी युरिया टाकला, पाणी काढलं आणि दोन औषधं फवारली, तर धान कदाचित सुधारेलही. पण कशाने सुधारलं हे कळणार नाही, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तोच सगळा खर्च. जाणता शेतकरी आधी पान उलटून बघतो, बुंध्याशी बघतो, पिवळेपणा कडेने आहे की पूर्ण पानावर ते बघतो. म्हणजे उपचाराआधी तो कारणांची यादी छोटी करतो.

लॅपटॉपचंही तेच. पडदा बिघडला याची निदान सहा कारणं असू शकतात:

१. ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर
२. उष्णता: धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट, मंदावलेला पंखा
३. वीज: अ‍ॅडॉप्टर, बॅटरी, घरातला व्होल्टेज
४. मेमरी: लॅपटॉपची रॅम किंवा ग्राफिक्सची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम
५. डिस्प्लेचं पॅनेल किंवा त्याची केबल
६. ग्राफिक्स चिप आणि तिचे बोर्डाशी असलेले जोड

सहावं कारण सगळ्यात महाग. लॅपटॉपमध्ये आपण "कार्ड" म्हणतो ती बहुतेक वेळा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली चिप असते. डेस्कटॉपसारखं जुनं कार्ड काढून नवं खोचता येत नाही. म्हणून सहावं कारण मान्य करण्याआधी पहिली पाच नीट बाद झाली पाहिजेत.

आधी रचना माहीत हवी

गेमिंग लॅपटॉपमध्ये साधारणतः दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या आतलं, त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. दुसरं वेगळं, जास्त ताकदीचं, त्याला डिस्क्रीट म्हणतात. एनव्हीडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस ही पद्धत आणली, तेव्हापासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटिग्रेटेड ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. डिस्क्रीट चिप चित्र तयार करते, ते इंटिग्रेटेडकडे देते आणि तिथून ते पडद्यावर जातं. काही मॉडेलमध्ये मात्र पडदा थेट डिस्क्रीटला जोडण्याची सोय असते. एचडीएमआयचं पोर्टही कधी इकडे, कधी तिकडे जोडलेलं असतं.

हे का सांगतोय? कारण "बायोसच्या स्क्रीनवरही रेषा दिसतात, म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं" असं सर्रास म्हटलं जातं. तुमचा पडदा इंटिग्रेटेडला जोडलेला असेल, तर बायोसच्या वेळी डिस्क्रीट चिप चित्रच काढत नसते. मग त्या रेषांचा संशय पॅनेलवर, केबलवर किंवा रॅमवर जायला हवा. निरीक्षण तेच, पण रचना माहीत नसेल तर निष्कर्ष उलटा निघतो. तुमच्या मॉडेलमध्ये जोडणी कशी आहे हे एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर चित्राने दाखवलेलं असतं. पहिलं काम म्हणून ते बघून वहीत लिहा.

काहीही बदलण्याआधी नोंद

त्याआधी डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. निदान करताना लॅपटॉप पूर्ण बंद पडू शकतो.

मग दोन-तीन दिवस काहीच दुरुस्त करू नका, फक्त लिहा. तारीख आणि वेळ, कोणता प्रोग्रॅम चालू होता, सुरू करून किती वेळ झाला होता, अ‍ॅडॉप्टर लावला होता का, चिपचं तापमान किती, खोलीत कूलर चालू होता का, आणि नेमकं काय दिसलं. "स्क्रीन खराब झाली" असं लिहू नका. "हिरव्या चौकटी, सारख्या अंतरावर, पूर्ण पडद्यावर, दहा सेकंद" असं लिहा. मोबाइलने फोटो काढून ठेवा.

ही नोंद कशाला? कारण दुरुस्तीनंतर "बरं झालं" म्हणण्यासाठी आधी बिघाड किती वेळाने यायचा हे माहीत हवं. समजा तुमच्या नोंदीनुसार बिघाड सरासरी ३ तासांनी एकदा येतो आणि कधी येईल याचा नेम नाही. तुम्ही ड्रायव्हर बदलला आणि ३ तास काहीच झालं नाही. बरं झालं का? गणित सांगतं की काहीही सुधारलेलं नसतानाही ३ तास निर्विघ्न जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. ती ५ टक्क्यांवर आणायची तर सरासरीच्या तिप्पट, म्हणजे ९ तास तशाच वापरात बघावं लागेल. वीस मिनिटं गेम चालवून "झालं भाऊ, चकाचक" म्हणणाऱ्याने काहीच सिद्ध केलेलं नसतं.

हे गणित बिघाड यादृच्छिक असेल तेव्हाचं. बिघाड ठरावीक तापमानालाच येत असेल तर चित्र सोपं होतं, पण तसं आहे की नाही हेही नोंदीवरूनच कळतं.

चाचण्या: स्वस्त आधी, आणि एका वेळी एकच बदल

चांगल्या चाचणीची खूण एकच. तिचा निकाल काहीही आला तरी एखादं कारण मागे पडलं पाहिजे. निकाल येण्याआधीच वहीत लिहा, "असं झालं तर अमुक, तसं झालं तर तमुक." हे लिहिता येत नसेल तर ती चाचणी करून वेळच जाईल.

पहिली, स्क्रीनशॉट. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. रेषा स्क्रीनशॉटमध्येही आल्या, तर चित्र तयार होतानाच बिघडलंय, म्हणजे चिप, व्हीरॅम, रॅम किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर संशय पुढच्या वाटेवर, म्हणजे केबल आणि पॅनेलवर. यात पैसा लागत नाही, वेळ एक मिनिट.

दुसरी, बाहेरचा पडदा. घरच्या टीव्हीला एचडीएमआयने जोडा. टीव्हीवर स्वच्छ आणि लॅपटॉपवर रेषा, तर पॅनेल किंवा केबल. झाकण हळूच मागेपुढे करताना रेषा बदलत असतील तर बिजागरातून जाणारी केबल जवळपास नक्की. केबलचा खर्च बोर्डाच्या खर्चापुढे किरकोळ असतो. बोर्ड बदलण्याआधी हे बघितलं गेलं का, हे दुकानात आवर्जून विचारा.

तिसरी, यंत्राची स्वतःची नोंद. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली, तर अर्थ असा की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला. विंडोज यासाठी मुळात २ सेकंद वाट बघतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो यामुळेच. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगते की यंत्र नीट बंद न होता बंद पडलं. कारण सांगत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधला कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. तो चिप गेल्यावरही येतो आणि ड्रायव्हर बिघडल्यावरही. लिनक्सवर एनव्हीडियाचा ड्रायव्हर एक्सआयडी नावाचे क्रमांक लिहितो. त्यात ७९ म्हणजे ग्राफिक्स चिपशी संपर्कच तुटला. हा हार्डवेअर, उष्णता किंवा विजेकडे बोट दाखवतो. १३ आणि ३१ मात्र तुमच्या स्वतःच्या कोडमधल्या चुकीनेही येतात. म्हणून क्रमांक बघून लगेच निकाल देऊ नका, तो फक्त एक साक्षीदार आहे.

चौथी, डिस्क्रीट बंद. डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्क्रीट ग्राफिक्स बंद करून दोन दिवस इंटिग्रेटेडवरच काम करा. बिघाड थांबला तर संशय डिस्क्रीटच्या बाजूला सरकतो. तरीही येत राहिला, तर डिस्क्रीट चिप बऱ्यापैकी सुटली. लक्षात घ्या, इंटिग्रेटेड ग्राफिक्स लॅपटॉपचीच रॅम वापरतं, त्यामुळे खराब रॅमही पडद्यावर कचरा दाखवू शकते. तेव्हा रात्रभर मेमटेस्ट लावा. ५ रुपयांच्या खोडरबराने रॅमचे संपर्क पुसून पुन्हा बसवणं हाही जुना आणि वाजवी उपाय आहे, फक्त तो इतर कशाबरोबर एकाच वेळी करू नका.

पाचवी, दुसरी प्रणाली. पेनड्राइव्हवर उबुंटू टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. विंडोज आणि त्याचा ड्रायव्हर पूर्ण बाजूला पडतात. तरीही तसाच बिघाड आला तर सॉफ्टवेअरचा संशय जवळपास संपतो. फक्त उबुंटूवरही डिस्क्रीट चिपला खरंच काम दिलंय ना हे तपासा, नाहीतर तुम्ही इंटिग्रेटेडचीच परीक्षा घेत बसाल.

सहावी, वेग कमी करणं. आफ्टरबर्नरसारख्या साधनाने व्हीरॅमचा वेग थोडा खाली आणा आणि बाकी काही बदलू नका. चौकटी गायब झाल्या तर व्हीरॅम किंवा तिचे जोड काठावर आहेत. मग व्हीरॅमचा वेग मूळ जागी आणून फक्त चिपचा वेग कमी करा. दोन्ही निकालांची तुलना करा. लॅपटॉप न उघडता आतली जागा शोधायची ही चांगली रीत आहे.

मे महिन्याचा गुंता

आपल्याकडचा खास प्रश्न उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चिप जेवढी वीज खाते त्या मानाने ती खोलीच्या हवेपेक्षा काही अंशांनी तापते, आणि पंखा व वीज तीच राहिली तर हा फरक साधारण तेवढाच राहतो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत चिप ७२ अंशांवर असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत ती ९२ च्या आसपास जायला बघेल. त्याआधीच ती स्वतःचा वेग कमी करेल. म्हणून "हिवाळ्यात चालत होता, उन्हाळ्यात बिघडला" यावरून चिप या उन्हाळ्यातच खराब झाली असं सिद्ध होत नाही.

पण मग "उष्णताच कारण" असंही लगेच म्हणता येत नाही. मे महिन्यात उष्णतेबरोबर व्होल्टेजही खालीवर होतं, वीज जाते-येते, धूळ उडते, कूलरमुळे खोलीत दमटपणा वाढतो. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या. संशोधनात याला गोंधळ घालणारे घटक म्हणतात, आणि अर्धेअधिक चुकीचे निष्कर्ष यातूनच निघतात.

ते वेगळे कसे काढायचे? तीच चाचणी, तेवढाच वेळ, पहाटे ५ वाजता आणि दुपारी २ वाजता करा. धूळ आणि पेस्ट दोन्ही वेळी सारखीच. मग दुपारीच, पण व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा यूपीएसवर करा. आता फक्त वीज बदलली.

इथे एक सापळा आहे. बरेच जण म्हणतात, "बॅटरीवर चालवून बघ, बिघाड नाही आला तर अ‍ॅडॉप्टर खराब." पण बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप डिस्क्रीट चिपची वीजही कमी करतो, म्हणून ती तापतही नाही. एका झटक्यात दोन गोष्टी बदलल्या. या चाचणीने अ‍ॅडॉप्टर दोषी ठरत नाही. त्याऐवजी अ‍ॅडॉप्टर लावूनच फ्रेमची मर्यादा ३० ठेवा. वीजपुरवठा तोच आणि उष्णता कमी. किंवा तेवढ्याच वॅटचा दुसरा अ‍ॅडॉप्टर मित्राकडून एका दिवसासाठी आणा.

उष्णतेचा संशय पक्का झाला तर साफसफाई. धान चुरण्याच्या दिवसांत गावात किंवा राइस मिलच्या शेजारी राहणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये कोंड्याची बारीक धूळ जाते. ती पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्या मधोमध गादीसारखी बसते. वरून ब्लोअर मारून ती निघत नाही, खालचं झाकण काढावं लागतं. आधी बॅटरीची जोडणी सोडवा, आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका. साफ केल्यावर लगेच पेस्ट बदलू नका. आधी तापमान मोजा, लिहा, मग पेस्ट. म्हणजे कशाने किती अंश फरक पडला ते कळेल.

हीट गनने लॅपटॉप "बरा" का होतो?

हा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण "उपाय लागू पडला, म्हणून कारण तेच" हा तर्क इथे छान उघडा पडतो.

जुलै २००८ मध्ये एनव्हीडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या आधीच्या पिढीच्या काही चिप ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बिघडत आहेत आणि त्यासाठी कंपनी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करत आहे. कारण म्हणून चिप आणि तिच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवत साहित्याचा उल्लेख होता. चिपच्या पोटाखाली सोल्डरचे शेकडो बारीक ठिपके असतात. वरचं सिलिकॉन तापल्यावर दर अंशाला दहा लाखात सुमारे ३ भाग पसरतं, खालची पाटी मात्र १५ च्या आसपास. लॅपटॉप रोज तापतो, रोज थंड होतो. दरवेळी हे ठिपके दोन्ही बाजूंनी थोडे ताणले जातात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसे ते थकून तडकतात. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये अ‍ॅपललाही २०११ ते २०१३ मधल्या काही मॅकबुक प्रोंसाठी व्हिडिओच्या बिघाडाची मोफत दुरुस्ती योजना काढावी लागली.

या काळात ओव्हनमध्ये बोर्ड भाजायची टूम निघाली. समज असा की सोल्डर वितळतं आणि तडा बुजतो. आता आकडे बघा. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. चिपच्या आतले तेव्हाचे जास्त शिसे असलेले ठिपके तर ३०० अंशांच्या पुढे. घरगुती ओव्हनमध्ये २०० अंशांवर काही मिनिटं ठेवून यातलं काहीच वितळायला नको. तरीही बरेच लॅपटॉप काही दिवस किंवा आठवडे चालले. का? तापल्यावर भाग पसरतात, किंचित हलतात आणि तडकलेल्या ठिपक्याची दोन टोकं पुन्हा एकमेकांना टेकतात. जोड झालेला नसतो, स्पर्श झालेला असतो. म्हणून तो पुन्हा सुटतो.

म्हणजे उपाय चालला, पण त्यामागचं स्पष्टीकरण चुकीचं होतं. याचा एक उपयोग मात्र होतो. तापवल्यावर थोडे दिवस चालून पुन्हा तसाच बिघाड आला, तर जोड तडकल्याचा संशय बळावतो, कारण ड्रायव्हर तापवून सुधारत नाही. पण ही चाचणी मुद्दाम करू नका. शेजारचे प्लास्टिकचे भाग आणि कपॅसिटर त्यात जातात. दुकानात "रिफ्लो करून देतो" म्हणाले तर हे आठवा, आणि किती महिन्यांची हमी ते लेखी मागा.

पडदा स्वच्छ, पण उत्तर चुकीचं

आतापर्यंतचे बिघाड दिसणारे होते. संशोधन करणाऱ्याने खरं घाबरायचं ते न दिसणाऱ्याला.

सर्व्हरच्या महाग ग्राफिक्स कार्डांत मेमरीतली चूक ओळखून दुरुस्त करणारी व्यवस्था असते. जुन्या गेमिंग लॅपटॉपच्या कार्डांत ती नसते. गेममध्ये एका बिंदूचा रंग क्षणभर चुकला तर कुणाचं काही जात नाही. पण तोच बिट तुमच्या मॉडेलच्या वजनातला असेल तर? कदाचित लॉसच्या जागी एनएएन येईल आणि तुम्हाला कळेल. कदाचित फक्त अचूकता थोडी घसरेल आणि कधीच कळणार नाही.

स्टॅनफर्डच्या इम्रान हक आणि विजय पांडे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच प्रश्नावर आहे. फोल्डिंग अ‍ॅट होम या प्रकल्पात लोक आपापल्या घरचे संगणक संशोधनासाठी देतात. अशा २० हजारांहून जास्त यंत्रांवर त्यांनी ग्राफिक्स मेमरीची चाचणी चालवली. आधी प्रयोगशाळेत, नियंत्रित वातावरणात तीच चाचणी केली तेव्हा एकही चूक सापडली नाही. पण लोकांच्या घरी, प्रत्यक्ष बसवलेल्या जागी, तपासलेल्या कार्डांपैकी दोन तृतीयांशांमध्ये मेमरीच्या चुका आढळल्या. "लॅबमध्ये तर ठीक होतं" हे वाक्य किती पुरतं, ते यावरून बघा.

तुमच्या लॅपटॉपची अशी तपासणी घरी करता येते. अडचण एवढीच की दशांश अपूर्णांकांची बेरीज वेगळ्या क्रमाने केली तर शेवटच्या अंकांत फरक पडतो. त्यामुळे सीपीयू आणि जीपीयूचं उत्तर सहाव्या-सातव्या अंकात वेगळं आलं तर तो बिघाड म्हणता येत नाही. ही अडचण टाळायची युक्ती सोपी आहे. ४०९६ गुणिले ४०९६ आकाराचे दोन मॅट्रिक्स घ्या आणि त्यात फक्त ० ते ९ हे पूर्णांक भरा. गुणाकारातली कुठलीही बेरीज जास्तीत जास्त ४०९६ गुणिले ८१, म्हणजे ३,३१,७७६ होते. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ पर्यंतचे सगळे पूर्णांक तंतोतंत मावतात. म्हणजे क्रम कोणताही असो, उत्तर अगदी एकच यायला हवं. हा गुणाकार जीपीयूवर हजार वेळा करा आणि दरवेळी सीपीयूच्या उत्तराशी जुळवा. व्हीरॅमच्या वेगवेगळ्या जागा तपासल्या जाव्यात म्हणून आधी मोठे टेन्सर भरून ठेवा. एक अंक जरी वेगळा आला तरी तुमच्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही.

आणि हाच प्रोग्रॅम कोलॅबवरही चालवा. तिथेही फरक दाखवला, तर आधी तुमचा प्रोग्रॅम तपासा. लॅपटॉपवर दाखवला आणि कोलॅबवर नाही, तर आता तुमच्या हातात पुरावा आहे. दुपारी दाखवला आणि पहाटे नाही, तर पुढचं पाऊलही कळलं.

मग निर्णय

वही भरली की निर्णय फारसा अवघड राहत नाही. केबल, रॅम, अ‍ॅडॉप्टर, पेस्ट किंवा ड्रायव्हर निघाला तर दुरुस्त करा. चिप किंवा व्हीरॅम निघाली तर रीबॉलिंग आणि बोर्ड बदलणं यांचा खर्च विचारा, आणि तो लॅपटॉपच्या आजच्या सेकंडहँड किमतीशी ताडून बघा. तिसरा पर्याय लोक विसरतात. डिस्क्रीट चिप कायमची बंद करून तोच लॅपटॉप वाचन, लेखन, कोड लिहिणं यासाठी वापरायचा आणि जड काम कोलॅब, कॅगल किंवा विद्यापीठाच्या यंत्रावर न्यायचं. यात खर्च जवळपास शून्य.

दुकानात जाताना वही सोबत न्या. "भाऊ, बोर्ड गेला म्हणजे नेमकं काय मोजलं? बाहेरच्या पडद्यावर बघितलं का? डिस्क्रीट बंद करून चाललं का?" एवढं विचारा. चांगला कारागीर अशा गिऱ्हाइकावर चिडत नाही, उलट त्याचं अर्धं काम वाचतं. नागपूरला सीताबर्डीपर्यंत जायचं असेल तर दोन ठिकाणी, एकमेकांचं मत न सांगता विचारा. पहिल्याचं मत सांगितलं की दुसरा तेच बघायला लागतो.

राहिला प्रश्न आधीच्या निकालांचा. पूर्णांकांच्या चाचणीत चूक सापडली, तर त्या लॅपटॉपवर गेल्या काही महिन्यांत काढलेले आकडे संशयाच्या यादीत टाका. सगळं पुन्हा करायला लागेलच असं नाही. प्रबंधात किंवा पेपरमध्ये जाणारा प्रत्येक मुख्य आकडा दुसऱ्या यंत्रावर, तेच सीड आणि तोच डेटा घेऊन, निदान तीन वेळा काढा. जुना आकडा त्या तिघांच्या पसाऱ्यात बसला तर ठेवा, नाही बसला तर नवा घ्या आणि मार्गदर्शकांना कारणासह कळवा. आणि पद्धतीच्या प्रकरणात कोणतं कार्ड, कोणता ड्रायव्हर, कोणती तपासणी केली हे दोन ओळींत लिहा. परीक्षक विचारो न विचारो, तुमच्यानंतर तो प्रयोग पुन्हा करून बघणाऱ्याला त्या दोन ओळी लागणार आहेत.